नांगरावरचा दिवस

हातखंब्यास समुद्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहणारा मनुष्य म्हटला की त्याच्या अंगणातून लाटा दिसत असल्याच पाहिजेत, अशी घाटावरच्या मंडळींची एक गोड समजूत असते. आमच्याकडे प्रथमच येणारा पाहुणा चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच विचारतो, "समुद्र कोणत्या बाजूला?" मी त्याला अंगणात नेतो, पश्चिमेकडचे आंब्याचे झाड दाखवतो आणि सांगतो, "याच्या पलीकडे चौदा-पंधरा किलोमीटर." पाहुण्याचा चेहरा उतरतो. हातखंबा हा तिठा आहे. एक रस्ता मुंबईस जातो, दुसरा गोव्यास, आणि तिसरा रत्नागिरीस उतरतो. येथे लाटांची गाज नाही. रात्रंदिवस चालणारी मालमोटारींची घरघर आहे. गावाचे नाव उच्चारले की मला नेहमी खांबावरचा तो लाकडी हात दिसतो, जो वाटसरूंना दिशा दाखवतो आणि स्वतः मात्र जागचा हलत नाही. प्राध्यापकाच्या धंद्याचे वर्णन तरी याहून वेगळे काय करावयाचे? तेव्हा माझे घर याच गावी असावे, हे सर्वस्वी उचित आहे.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. गेली अठ्ठावीस वर्षे मी वर्गात समुद्र शिकवीत आलो आहे. कोलरिजचा वृद्ध खलाशी, मेलव्हिलचा देवमासा, कॉनरॅडची वादळे ही सगळी मंडळी माझ्या मुखातून विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरली आहेत. या विषयावर बोलताना माझा आवाज थोडा खोल जातो, असे विद्यार्थी म्हणतात. परंतु या खोल आवाजाच्या मालकाचा सागरप्रवास दाभोळहून धोपाव्यास नेणाऱ्या फेरीबोटीच्या पलीकडे कधी गेला नव्हता, ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.

ही भीती वडिलार्जित आहे. माझ्या वडिलांच्या बाळपणी मुंबईहून रत्नागिरीस येण्याचा राजमार्ग म्हणजे आगबोट. बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही, आणि उतारू पडावात उतरत. लाट पडावाला वर उचलील त्याच क्षणी पाऊल टाकावयाचे. क्षणभर चुकला तर पायाखाली पाणीच. एका अशाच उतरणीत वडिलांचा हात त्यांच्या आईच्या हातून सुटला. तो लगेच दुसऱ्या कोणी पकडला, पण तो क्षण वडिलांच्या मनातून आयुष्यभर गेला नाही. पुढे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत आमचे कोणी नव्हते. तरी त्या दिवसापासून आमच्या घरात समुद्र हा शब्द सांजवेळी उच्चारीत नसत. आगबोटी बंद झाल्या तेव्हा सारे कोकण हळहळले. आमच्या वडिलांनी मात्र एस.टी.च्या तांबड्या गाडीला मनातल्या मनात नमस्कार केला असावा. मला पोहता येत नाही, ते यामुळेच.

अशा घराण्यात माझी कन्या जन्मास आली. मुंबईस अभियांत्रिकीचा अभ्यास करीत असता तिला शिडाच्या नावांचा छंद लागला. प्रथम मी त्यास छंद म्हणालो, मग वेड म्हणालो, आणि गेल्या दिवाळीत तिने जे सांगितले त्यानंतर त्यास म्हणावयास मजपाशी शब्द उरला नाही. व्यापारी जहाजांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक कप्तान, यंत्रांचा जाणकार असा एक तरुण, आणि ही, असे तिघे जण अडतीस फुटी शिडाच्या नावेतून अरबी समुद्र ओलांडणार होते. जयगडच्या खाडीतून मुरगाव. तेथे परदेशगमनाचे कागदपत्र उरकावयाचे. आणि मग थेट ओमानचे सलाला बंदर. मधले अंतर सुमारे ११५० सागरी मैल. नऊ-दहा दिवस जमीन दिसावयाची नाही.

वाद पुष्कळ झाला. तिने मजपुढे उदाहरणांची रासच ओतली. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि पुढच्या मे महिन्यात ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यातच बांधलेली. नंतर अभिलाष टॉमी कोठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली. आणि त्याच 'तारिणी'तून दिलना आणि रूपा या दोघीच जणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. मी म्हणालो, "त्या नौदलाच्या." ती म्हणाली, "म्हणजे भीती समुद्राची नाही, नोकरीची आहे?" तर्कशास्त्राच्या दृष्टीने मी हरलो होतो. परंतु उदाहरणांनी बापाची भीती जात नसते. त्या मुली दुसऱ्यांच्या होत्या.

माझ्या पत्नीने वादात भाग घेतला नाही. ती इतकेच म्हणाली, "मी पाहायला येणार नाही." आणि कुळीथ भाजावयास बसली.

जानेवारीच्या अखेरीस, निघण्याच्या आदल्या दिवशी, मी एकटाच जयगडास निघालो. बरोबर डबे होते: कुळथाचे पीठ, मेतकूट, आमसुले, आंबापोळी, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. आणखी एक वस्तू होती, ती कोणाला दिसण्यासारखी नव्हती. आदल्या रात्री मी एक व्याख्यान तयार केले होते. त्यात अकरा मुद्दे होते. मध्यसमुद्रात दुखणे आले तर? डोलकाठी मोडली तर? रात्री एखाद्या महाकाय जहाजाने ही चिमुकली नाव पाहिलीच नाही तर? असे एकेक मुद्दे चढत्या क्रमाने मांडीत शेवटी, "अजून वेळ गेलेली नाही," या वाक्यावर मी येणार होतो. निवळीचा फाटा येईपर्यंत माझी पहिली उजळणी झाली, आणि जयगडचा किल्ला दिसू लागेपर्यंत तिसरी.

शास्त्री नदी समुद्रास मिळते तेथे जयगडची खाडी आहे. दक्षिणेच्या टोकावर किल्ला, पलीकडच्या तीरावर तवसाळ, मधून ये-जा करणारी फेरीबोट, आणि अलीकडे या सर्वांवर उंच उभे असलेले वीजकेंद्राचे धुराडे. खाडीच्या आत, आडोशाला, कप्तानांच्या गावासमोर ती नाव नांगरावर उभी होती. एका वृद्ध तांडेलाने मला आपल्या होडीत घेतले. होडी हलताच माझ्या दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, ते पाहून तो म्हणाला, "मास्तर, फळी धरून काय उपेग? ती पन होडीबरोबरच हलते." अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनात इतके नेमके वाक्य मजकडून गेले असेल असे वाटत नाही.

नावेवर पाय ठेवला तेव्हा माझी अशी कल्पना होती की आता धावपळ दिसेल, आरोळ्या ऐकू येतील, दोरखंड ओढले जात असतील. तसे काहीही नव्हते. यंत्राचा जाणकार तरुण एका तेलकट फडक्याने एक खिळा पुसत बसला होता. कप्तान चहा पीत होते. कन्या मांडीवर वही घेऊन काहीतरी मोजत होती. पाणी नावेच्या अंगाला चुळुक चुळुक करीत होते. मी विचारले, "उद्या निघायचे ना?" कप्तान म्हणाले, "हो, म्हणून तर आज काही करायचं नाही." त्यांचा नियम असा, की निघण्याच्या आदल्या दिवशी कोणतेही नवे काम काढावयाचे नाही. आदल्या दिवशी नवे काम काढले की त्यातून दुसरे निघते, आणि मनुष्य दमलेल्या अंगाने समुद्रावर जातो. या दिवशी फक्त पाहावयाचे, मोजावयाचे, आणि विसावयाचे.

मी व्याख्यानास आरंभ करणार, इतक्यात कन्येने मजपुढे पत्र्याच्या डब्यांची एक पेटी सरकवली. "बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. यांच्यावर नावं घाला." वाटाणे, टोमॅटो, अननस, आणि आमच्या रत्नागिरीचाच आमरस. कागदी पट्ट्या काढून टाकलेल्या होत्या. ओल लागली की त्या सुटतात, नावेच्या तळाशी जातात, आणि पाणी उपसण्याच्या पंपात अडकतात. संकटसमयी पंप बंद पडावा तो अननसाच्या चित्राने, ही कल्पना मला विनोदी वाटली. पण कोणी हसले नाही. मी शाईची लेखणी घेतली आणि प्रत्येक झाकणावर सुवाच्य देवनागरीत नाव लिहू लागलो. चाळीस डबे झाले. उत्तरपत्रिका तपासताना येणारी ग्लानी मला एकदाही आली नाही. मग पाण्याचा हिशेब मजकडे आला. माणशी दररोज तीन लिटर, माणसे तीन, दिवस दहा. परंतु धरावयाचे वीस. म्हणजे १८० लिटर. मी पिंपे मोजली. बरोबर होती. पुन्हा मोजली.

स्वयंपाकाची शेगडी पाळण्यासारखी टांगलेली होती. नाव कलली तरी तिच्यावरचे पातेले आडवे होऊ नये. झोपावयाच्या फळीला बाजूने कापडाची कड होती. झोपलेला मनुष्य गडगडत खाली येऊ नये. कांदे जाळीत लोंबत होते, अंड्यांना तेलाचा हात दिलेला होता. माझ्या लोणच्याच्या बरणीला मात्र कोठे ठेवावे याविषयी चर्चा झाली, आणि शेवटी ती जुन्या स्वेटरात गुंडाळून पेटीत बसवण्यात आली. मी संधी साधून सांगितले, की १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी वैद्याने खलाशांना लिंबे आणि संत्री देऊन पाहिली आणि स्कर्व्ही हटते असे दाखवले. तरी लिंबाचा रस सर्रास देण्याचे आरमाराच्या मनात येण्यास १७९५ साल उजाडावे लागले. "म्हणजे आई त्यांच्यापेक्षा लवकर ऐकते," कन्या म्हणाली. लोणच्यात लिंबाचे सत्त्व किती उरते ते वैद्यांनी सांगावे. त्यात करणाऱ्याचे सत्त्व उरते, एवढे मी सांगतो.

प्रवासवर्णने वाचताना तयारीचे पान आपण सहसा उलटून टाकतो. वादळ कोठे येते ते पाहावयाचे असते ना! मीही तेच करीत आलो. जोशुआ स्लोकम हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य. १८९५ च्या एप्रिलात बोस्टनहून निघाला तेव्हा त्याचे वय एक्कावन्न होते, आणि त्याला पोहता येत नव्हते. या दोन्ही गोष्टी मला नेहमी दिलासा देत. परंतु तीन वर्षांच्या त्या प्रवासापूर्वी एका जुनाट, शेतात पडून राहिलेल्या नावेची एकेक फळी बदलण्यात त्याने तेरा महिने घालवले होते, हे मी वाचूनही मनावर घेतले नव्हते. त्या दिवशी डब्यांवर नावे घालताना ते तेरा महिने मला प्रथमच दिसले.

दुपारी खारे वारे सुटले. जेवणानंतर कप्तान डुलकी घेऊ लागले, तरुण खिळ्यांकडे परतला. फेरीबोट भोंगा देऊन तवसाळकडे गेली, पुन्हा आली. आता मात्र बोललेच पाहिजे, असे मनाशी ठरवून मी कन्येजवळ जाऊन बसलो. तिने आपली वही माझ्या हाती दिली. "आता तुम्ही तपासा. परीक्षक म्हणून."

वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते: 'काय बिघडू शकेल'. खाली क्रमांक घातलेले. प्रत्येक क्रमांकापुढे संकट, त्यापुढे उपाय, आणि त्यापुढे तो केला की नाही याची खूण. दुखणे: औषधांची पेटी, डॉक्टरांकडून घेतलेल्या सूचना. डोलकाठी मोडणे: तारा कापण्याची कात्री, जादा शीड. रात्रीची जहाजे: दिवे, जहाजे ओळखण्याचे यंत्र, तीन-तीन तासांचे पहारे. पाण्यात पडणे: पट्टा आणि दोर. मी वाचीत गेलो. माझे अकराही मुद्दे तेथे होते. माझ्याहून अधिक स्पष्ट शब्दांत होते, आणि त्यांच्या पुढे मला सुचल्याही नव्हत्या अशा बावन्न गोष्टी होत्या. एकंदर त्रेसष्ट.

मला आजवर असे वाटत होते, की ही मुलगी निर्भय आहे. आमच्या घराण्याची भीती तिच्यापर्यंत पोचलीच नाही. त्या निर्भयपणाचा मला अभिमान होता, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही होता. आता ती वही हाती घेऊन मी बसलो, आणि मला दिसले की भीती तिला पुरेपूर मिळालेली आहे. आजीच्या हातून सुटलेला तो हात त्या वहीच्या एकोणिसाव्या ओळीत होता. वडिलांनी ती भीती अखंड जतन केली. मीही ती तशीच सांभाळली आणि तिच्याभोवती वाङ्मयाची मखर उभारली. भीती अखंड असते तोवर तिला कोठे हात लावावा हे कळत नाही. माझ्या मुलीने तिचे त्रेसष्ट तुकडे केले, आणि एकेक तुकडा हातात मावेल एवढा झाल्यावर त्याचे काम करून टाकले.

माझे व्याख्यान तेथेच संपले. परंतु परीक्षकाचा स्वभाव जात नाही. मी दुसऱ्यांदा वही वाचू लागलो, आणि वाचता वाचता तिच्याकडे पाहिले. ती नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवीत होती. आठव्या वर्षापासून तिला चष्मा आहे; त्यावाचून चार हातांपलीकडचा मनुष्य तिला ओळखू येत नाही.

"चष्मा पाण्यात पडला तर?" मी विचारले.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "दुसरा आहे. घरी. माझ्या टेबलाच्या खणात."

मी लेखणी घेतली आणि चौसष्टावी ओळ लिहिली. एखाद्या विद्वानास शोधनिबंध छापून आल्यावर होत असेल तेवढा आनंद मला झाला.

संध्याकाळी तिने मला तो पट्टा दाखवला. छातीवरून येणारा, त्यास सहा फुटी दोर, दोराच्या टोकाला पोलादी कडी. रात्रीच्या पहाऱ्यावर येताना ती कडी नावेच्या लांबीभर ताणलेल्या पट्टीत अडकवावयाची. "ओढून बघा," ती म्हणाली. मी हलकेच ओढला. "असा नाही. लाट ओढील तसा." मी पाय रोवले आणि सर्व बळ एकवटून ओढला. ती जागची हलली, पण कडी सुटली नाही. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा ओढला. पुष्कळ वेळ ओढीत होतो. कप्तान दुसरीकडे पाहत होते.

मग तिने सहज सांगितले, की नावेवर एक संकटसूचक यंत्र आहे. ते चालू केले की उपग्रहामार्फत सूचना जाते, आणि तटरक्षक दल प्रथम किनाऱ्यावरच्या एका माणसाला फोन करते. त्या माणसाचे नाव आधी नोंदवावे लागते. "तुमचं दिलंय," ती म्हणाली. "चालेल ना?" अशा रीतीने, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मी त्या नावेच्या मंडळींत दाखल झालो.

अंधार पडला. पौष वद्यातली रात्र, चंद्र नव्हता. दक्षिणेच्या डोंगरावर एक तेजस्वी तारा वर आला होता. या एका विषयात माझे ज्ञान वडिलार्जित आणि निर्दोष आहे. मी म्हणालो, "तो अगस्ती." कप्तान म्हणाले, "अरब त्याला सुहैल म्हणतात." आणि मग त्यांनी 'सुहैली'ची हकीकत सांगितली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरबी खलाशी सुहैली म्हणतात, त्यावरून एका नावेचे नाव ठेवले गेले. बत्तीस फुटी, सागवानी, आणि आपल्या मुंबईत, कुलाब्यास बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण तीत बसून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फाल्मथहून निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वी फिरून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. असे करणारा तो पहिला मनुष्य. शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती एकट्या या मुंबईच्या सागवानाने. पुढे दोंद्यांनी पृथ्वी फिरावयाचे मनावर घेतले तेव्हा सल्ला दिला तोही याच नॉक्स-जॉन्स्टनने.

मी ऐकत होतो. पण माझे मन दुसरीकडे गेले होते. अगस्ती समुद्र प्याला हे खरे, परंतु त्याची दुसरीही कथा आहे. तो दक्षिणेस निघाला तेव्हा विंध्य त्याच्यापुढे वाकला, आणि मुनी म्हणाले, "मी परत येईपर्यंत असाच राहा." ते परत आलेच नाहीत. उद्या निघणाऱ्या मुलीला मी तारा दाखवला, तोही नेमका न परतणाऱ्याचा! मी काही बोललो नाही. पण लहानपणी ही कथा तिला मीच सांगितलेली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विंध्यासारखे वाकून राहू नका हं. आंब्याला मोहोर आलाय, फवारणी राहिली आहे. ती करा."

रात्री नऊला तांडेलाच्या होडीतून मी किनाऱ्यास आलो. या वेळी फळी धरली नाही. हातखंब्यास पोचेपर्यंत साडेदहा झाले. पत्नी जागी होती. मी म्हणालो, "तिचा दुसरा चष्मा हवा आहे." तिने कारण विचारले नाही. खण उघडला, चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, डबीत ठेवला. डबीच्या आत घरच्या निरांजनाच्या वातीएवढी कापसाची पट्टी घातली, काचांवर ओरखडा उठू नये. मग मला देण्यासाठी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"मीच देते," ती म्हणाली.

पहाटे चारला आम्ही दोघे निघालो. जयगडास पोचलो तेव्हा मतलई वारा सुटलेला होता. हा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा, आणि त्याच सुमारास लागलेली ओहोटी, या दोन्हींच्या जोरावर खाडीच्या बाहेर पडावयाचे, अशी कोकणच्या खलाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तांडेलाने पत्नीला होडीत घेतले. मी किनाऱ्यावरच थांबलो. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. होडी परत आली. नांगर वर आला, शीड एकदा फडफडले आणि मग भरले. आवाज असा झालाच नाही. किल्ल्याच्या टोकापर्यंत नाव दिसत होती.

मुरगावाहून निघाल्याचा फोन आला, आणि त्यानंतर अकरा दिवस काहीही आले नाही. ते यंत्र मुके राहील तोवर सर्व ठीक, असे तिने सांगितलेले होते. मी फोन रात्री उशाशी आणि दिवसा खिशात बाळगला, तो वाजू नये म्हणून. सातव्या दिवशी, मी आंब्यावर फवारणी करीत असता, अनोळखी क्रमांकावरून तो वाजला. माझे हात इतके कापू लागले की मला तो उचलता येईना. पत्नीने उचलला. एका बँकेची मुलगी आम्हाला कर्ज देऊ इच्छीत होती. पत्नीने तिला इतक्या मायेने नकार दिला की त्या मुलीला आश्चर्य वाटले असेल.

रात्री अंगणात जाऊन मी अगस्ती पाहत असे. आमच्या माडांच्या वर तो दिसतो; पश्चिमेस जाणाऱ्या त्या नावेच्या तो डाव्या हाताला असणार. पहिले दोन दिवस मी एकटा उभा राहिलो. नंतर पत्नीही येऊ लागली.

बाराव्या दिवशी सकाळी सलालाहून फोन आला. आवाज बसलेला होता, पण तिचाच होता. वाटेत एक शीड फाटले होते, कुळीथ संपले होते, लोणच्याची बरणी शाबूत होती. मी तिला विचारले, चष्म्याचे काय? ती म्हणाली, "लागला नाही. डबी उघडलीसुद्धा नाही." मला क्षणभर वाईट वाटले, हे मी कबूल करतो. मग लक्षात आले, की त्या चौसष्ट ओळींपैकी बहुतेक लागल्याच नव्हत्या, आणि नावेवरच्या तिघांनीही त्या लागू नयेत एवढ्याच हेतूने लिहिल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी पत्नीने माझ्या कपाटातून नकाशांचे जुने पुस्तक काढले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. सलाला सापडण्यास तिला थोडा वेळ लागला. मग तिने विचारले, "जाताना वारा ईशान्येचा होता म्हणालात. येताना कुठला?"

"नैर्ऋत्येचा," मी म्हणालो. "पावसाला घेऊन येतो तोच. जुन्या काळची गलबतेही एका वाऱ्याने जात आणि दुसऱ्याने परत येत."

"म्हणजे पावसाच्या तोंडावर," ती म्हणाली. तिने बोटांवर महिने मोजले, पुस्तक मिटले, आणि कुळीथ किती उरले आहेत ते पाहण्यासाठी आत गेली.